होकाराची जागा

'आप जैसा कोई' हे गाणं मी किती तऱ्हांनी ऐकलं आहे, याचा हिशेब आता लागत नाही. मूळ 'कुर्बानी'तलं, १९८०चं. त्याला ताणून दुप्पट केलेलं, केवळ नाचण्यासाठी. कुणा अनामिकाने फक्त बास आणि आवाज ठेवून बाकी सगळं काढून टाकलेलं. २०२२च्या 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो'साठी तनिष्क बागचीने नव्याने बांधलेलं, झहरा खान आणि अल्तमश फरिदीच्या आवाजातलं. आणि लग्नसराईत नागपूरकराला घरबसल्या ऐकू येतं ते, संदलवाल्यांचं. एकाच गाण्याच्या मागे इतकं काय लागायचं, असं घरचेही विचारतात. पण मला हे एक गाणं ऐकणं वाटतच नाही. हे गाणं ज्यांना ज्यांना आवडलं त्या सगळ्यांना मी ऐकत असतो.

रिमिक्स करणारा आधी श्रोता असतो, ही साधी गोष्ट आपण विसरतो. त्यानेही हे गाणं कुठेतरी पहिल्यांदा ऐकलेलं असतं, त्यातल्या एखाद्या जागेवर त्याचा जीव अडकलेला असतो. आपण अशा वेळी मान डोलावतो, फार तर गाणं मागे नेऊन ती जागा पुन्हा ऐकतो. तो मात्र ती जागा उचलतो आणि तिच्याभोवती नवं घर बांधतो. म्हणून कुणाचंही रिमिक्स ऐकलं की पहिल्या मिनिटातच कळतं, हा माणूस नेमका कुठे थांबला होता.

या गाण्यात अशी एक जागा आहे. ध्रुवपदाची ओळ अर्ध्यावर येते, मनातली इच्छा सांगून होते आणि ती इच्छा पुन्हा सांगण्याआधी मध्येच एक छोटासा होकार येतो. एखाद-दोन अक्षरांचा. अर्थाच्या दृष्टीने त्याची काही गरज नाही, तो गाळला तरी वाक्य पूर्ण होतं. पण गाण्यातलं सगळं प्रेम मला त्या होकारात सापडतं. कारण बाकीची ओळ समोरच्याला सांगितलेली आहे आणि होकार मुलीने स्वतःलाच दिलेला आहे. हो, असंच व्हावं. मी ऐकलेल्या एका रिमिक्समध्ये तो होकार तोडून सुरुवातीलाच ठेवला होता आणि तो पुन्हा पुन्हा येत राहायचा, गाणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी. दुसऱ्या एकाने तो साफ पुसून तिथे रिकामी जागा सोडली होती. ऐकताना माझ्याच तोंडून तो निघाला.

बिद्दूला या गाण्याचं श्रेय देताना आपण जरा कंजुषीच करतो. मूळचा बंगळुरूचा हा माणूस लंडनला जाऊन 'कुंग फू फायटिंग'सारखं १९७४चं जगभर गाजलेलं गाणं करून मोकळा झाला होता. 'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एवढंच बिद्दूचं. गायला नाझिया हसन, लंडनमध्ये वाढत असलेली जेमतेम पंधरा वर्षांची पाकिस्तानी मुलगी. सिनेमाचा दिग्दर्शक फिरोज खानशी तिची गाठ घालून दिली त्यातली नायिका झीनत अमानने. ध्वनिमुद्रण झालं चोवीस ट्रॅकवर, आपल्याकडे तेव्हा हे नवलच होतं. बिद्दूने तिचा आवाज दोनदा घेऊन एकावर एक ठेवला. हेडफोन लावून नीट ऐकलं तर दोन नाझिया ऐकू येतात, एक दुसरीपेक्षा किंचित मागे. त्या काळी आपल्या नायिकांचे आवाज कोरीव, घोटलेले, तालीम घेतलेले असत. हा आवाज तसा नव्हता. थोडा नाकातला, थोडा बेफिकीर आणि यंत्राने दुहेरी केलेला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो खरा वाटला. पुढच्याच वर्षी तिला फिल्मफेअर मिळालं.

यंत्रातून आलेलं प्रेम खोटं असतं ही समजूत फार जुनी आहे. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डॉना समरसाठी 'आय फील लव्ह' केलं, तेव्हा जवळजवळ सगळं गाणं मूग सिंथेसायझरवर उभं होतं. फक्त खालचा ढोल कीथ फोर्सीने हाताने वाजवला, कारण यंत्राला तो ठोका मनासारखा काढता येईना. बासचा प्रत्येक सूर एका कानात पडतो आणि त्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, त्यामुळे गाणं एका जागी उभं राहतच नाही. त्यावर डॉना समर अगदी थोडे शब्द गाते. प्रेमात पडलेलं माणूस तरी दुसरं काय करतं? चारच गोष्टी परत परत सांगत असतं. यंत्र न थकता तेच ते करू शकतं, हा त्याचा दोष मानला गेला. प्रेमगीताला मात्र तो नेमका हवा असलेला गुण होता.

पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॅट्रिक काउली नावाच्या तरुणाने बाजारात मिळणारी तबकडी घेऊन या गाण्याचं स्वतःचं रूप केलं, पावणेसोळा मिनिटांच्या आसपासचं. ना स्टुडिओच्या मूळ टेप हाताशी, ना कुणाची परवानगी. त्याने बासचे तुकडे जोडत नेले आणि त्यावर स्वतःचे सिंथेसायझर चढवले. मधे आवाज कितीतरी वेळ येतच नाही. येतो तेव्हा तो दुरून परत आल्यासारखा वाटतो. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झालं १९८२मध्ये आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात काउली एड्सने गेला. आज ती पंधरा मिनिटं ऐकताना मला डॉना समरइतकाच तो ऐकू येतो. गाणं संपू नये म्हणून धडपडणारा एक माणूस. मूळ गाणं सहा मिनिटांच्या आत संपतं, ते त्याला पुरलं नाही, एवढंच कारण असेल. मला ते पुरेसं वाटतं.

संदलवाल्यांकडे मी याच कानाने ऐकायला शिकलो. नागपूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की संदल ही मुळात दर्ग्यावर चंदन चढवायला निघणारी मिरवणूक. ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला ती आजही निघते. पण मिरवणुकीत वाजणारं वाद्यवृंदाचं प्रकरण, ज्याला इकडे आणि छत्तीसगडात धुमाल असंही म्हणतात, ते दर्ग्यापुरतं राहिलं नाही. गणपती, मारबत, दुर्गा, जयंती, वरात, सगळीकडे तेच. एका गाडीवर स्पीकरची भिंत, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ताशे, ढोल. गायक बहुधा नसतोच. गाण्याची चाल कीबोर्डवर वाजते, तीसुद्धा सनईच्या किंवा बेंजोच्या आवाजात, घसरत, लचकत, मूळ गाण्यात नव्हत्या अशा हरकती घेत.

एकदा वरात आमच्या चौकात अडली होती. 'आप जैसा कोई' चालू होतं आणि मी होकाराची वाट बघत होतो. ओळ अर्ध्यावर आली. कीबोर्डवाल्याने बोट उचललं आणि ती जागा ऑक्टोपॅडवाल्याने दोन ठोक्यांनी भरली. त्या दोन ठोक्यांवर सगळी वरात तोंडाने होकार देत होती, नवरदेवाच्या आत्यासकट. गाडी थांबली तेव्हा मी त्या पोराला विचारलं, गवय्या का नाही ठेवत तुम्ही? तो म्हणाला, "काकाजी, गवय्या ठेवला तं तो एकटाच गाते. असं अख्खी वरात गाते."

जमैकात १९६७-६८च्या सुमारास हेच घडलं होतं. रडी रेडवुड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी एका गाण्याची तबकडी कापताना चुकून आवाज घालायचा राहून गेला. त्याने ती तशीच वाजवली आणि मोकळ्या जागेत नाचणारे लोकच गाऊ लागले. तिथून डब नावाचा प्रकार वाढला आणि रिमिक्सचं पुष्कळसं कूळ तिथे जातं. आमच्या चौकातल्या पोराला जमैका कुठे आहे हे ठाऊक नसेल. ठाऊक असायची गरजही नाही. प्रेमगीतातून गाणाऱ्याला बाजूला केलं की ऐकणारे त्या जागी येऊन उभे राहतात, हे त्याने त्याच्या परीने शोधून काढलेलं आहे.

आणि आपल्याकडे हे नवं तरी कुठे आहे? विदर्भातल्या खंजिरी भजनांच्या स्पर्धा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना माहीत आहे, तुकडोजी महाराजांचं तेच भजन दहा मंडळं दहा चालींत म्हणतात आणि श्रोते रात्रभर बसतात. तेच शब्द पुन्हा का, असं तिथे कुणी विचारत नाही. भीमगीतांनी तर याहून धाडसाची गोष्ट केली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गेलात तर कितीतरी गाणी अशी ऐकू येतील, ज्यांची चाल सिनेमातल्या कुठल्या तरी प्रेमगीताची आहे. प्रेयसी गेली, तिच्या जागी बाबासाहेब आले. शुद्धतेचे आग्रही याला उसनवारी म्हणतात. मला ते पटत नाही. चालीत साठलेली ओढ अस्सल होती म्हणूनच ती एवढ्या मोठ्या कृतज्ञतेला पुरली. चाल पोकळ असती तर टिकली नसती.

म्हणजे सगळीच रिमिक्स चांगली, असं मी म्हणत नाही. २०००च्या आसपास जुन्या गाण्यांवर ठोके चढवून कॅसेटी आणि व्हिडिओ काढायची जी लाट आली, तिच्यातलं बरंच काही न ऐकताच केलेलं होतं. गाणं ओळखीचं, म्हणून हुकमी, एवढाच विचार. कायद्यानेही पुढे दखल घेतली. २०१२च्या दुरुस्तीनंतर मालकाच्या संमतीवाचून, ठरलेलं मानधन भरून गाण्याची नवी आवृत्ती काढायची तर मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं. पण न ऐकण्यावर कायदा इलाज करू शकत नाही. माझी कसोटी सोपी आहे. नवं रूप ऐकल्यावर जुन्यातलं काहीतरी, जे आधी कानाआड गेलं होतं, ते ऐकू यायला लागलं पाहिजे. त्या अनामिकाच्या 'बास आणि आवाज' रिमिक्सने मला दुसरी, मागची नाझिया ऐकवली. तोवर ती मला ऐकूच आली नव्हती.

आणि आवाजाच्या पातळीबद्दल बोलल्याशिवाय नागपुरात राहून यावर लिहिणं प्रामाणिक होणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २०००च्या नियमांत लिहिलेली आहे, आणि स्पीकरची ती भिंत तिच्या जवळपासही नसते. तान्ह्या बाळांचे, म्हाताऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. छातीत धडधडणारा ठोका दार लावूनही अडत नाही. संदलवाल्यांच्या कारागिरीवर माझा जीव आहे म्हणूनच सांगतो, त्या पातळीला त्यांची कारागिरीच पहिल्यांदा मरते. कीबोर्डवरची लचक, होकाराचे दोन ठोके, हे सगळं चौकाच्या पलीकडे पोचेस्तोवर नुसता दणदणाट होतो.

या गाण्याच्या बाबतीत मूळ आणि नक्कल हा वाद मला विशेष गैरलागू वाटतो. काय मागते ही मुलगी? तुम्हीच या, असं ती म्हणत नाही. तुमच्यासारखं कुणी आयुष्यात यावं, इतकंच तिचं मागणं आहे. एकमेव असण्याचा हट्ट तिने स्वतःच धरलेला नाही. मग तिच्या गाण्यासारखं दुसरं गाणं यावं, त्यासारखं तिसरं यावं, याला तिची हरकत का असेल?

एका ठिकाणी मात्र माझी हरकत आहे. नाझिया २००० साली, १३ ऑगस्टला, लंडनमध्ये गेली. कर्करोग, वय पस्तीस. गाणं सोडून ती कायदा शिकली होती, संयुक्त राष्ट्रांत काम केलं होतं. आता मिसळून गेलेल्या ध्वनिमुद्रणातून आवाज तेवढा अलग काढून देणारी सॉफ्टवेअरं कुणाच्याही लॅपटॉपवर चालतात. काउलीला जे कधीच मिळालं नाही ते आमच्या गल्लीतल्या पोरांना फुकट मिळतं. तिथवर मला आनंदच आहे. पण त्याच्या पुढची पायरीही आता हाताशी आली आहे, त्या आवाजाकडून तिने कधी न गायलेलं काहीही गाऊन घ्यायची. ते करू नये. तुकडे करा, उलटं लावा, लय दुप्पट करा, होकार शंभर वेळा वाजवा. पण तिने जे म्हटलं नाही त्याला तिच्या तोंडून हो म्हणवून घेऊ नका. पंधराव्या वर्षी मनापासून दिलेला एक होकार आपल्यापाशी आहे. तिच्या गैरहजेरीत नवा बनवणं हा तिचाही अपमान आहे आणि त्या पहिल्या होकाराचाही.

शेजारच्या एका पोट्ट्याने परवा तिचा आवाज असाच सोडवून मला ऐकवला. दोन्ही आवाज, साथ काही नाही. मग त्याने विचारलं, याच्याखाली संदलचा ताशा टाकू का? मी म्हटलं, खुशाल टाक, फक्त त्या होकाराच्या जागेवर ताशाला थांबव.