मुठीत कुणाचा हात होता?

समजा, तुमच्या हातात एक जुनी मोरो तलवार आली. तिची किंमत कशी ठरवाल?

मोरो म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरचे मुसलमान: ताउसुग, मारानाओ, मागिंदानाओ वगैरे लोक. त्यांची क्रिस दुधारी असते, कधी सरळ तर कधी नागमोडी. बारोंगचं पातं पानासारखं रुंद. काम्पिलान चांगली लांबलचक, आणि तिची मूठ आ वासलेल्या जबड्यासारखी. क्रिस आणि बारोंगच्या मुठीवर बऱ्याचदा तुरा आणि चोच कोरलेली असते. तिकडे तिला काकातुआ म्हणतात. आपला काकाकुवाच तो.

जाणकार माणूस लाकूड बघतो, चांदीचं वेष्टण बघतो, कोरीवकाम हातानं झिजलंय की नुसतं पॉलिश केलंय ते बघतो. जुन्या क्रिसच्या पात्याच्या बुडाशी गांग्या नावाचा तुकडा वेगळा बसवलेला असतो. नंतरच्या काळात बऱ्याचदा तिथे नुसती रेघ कोरून भागवलेलं दिसतं. इथवर सगळं कारागिरीचं मोल आहे. त्यात काही खुपत नाही.

खुपतं ते पुढे. तलवारीसोबत एखादी जुनी चिठ्ठी असेल, 'अमुक सैनिकानं अमुक लढाईनंतर आणली' अशी, तर भाव वाढतो. लढाई जितकी गाजलेली, तितकी चिठ्ठी मोलाची.

बुद दाहो हे असंच एक नाव. होलो बेटावरचा हा ज्वालामुखी. मार्च १९०६मध्ये तिथे आसरा घेतलेल्या मोरोंवर अमेरिकी सैन्य चालून गेलं. आठशे ते हजार माणसं मारली गेली. त्यात बायका होत्या, मुलं होती. अमेरिकेच्या बाजूचे वीसएक गेले. पुढे १९११ साली गव्हर्नर जॉन पर्शिंग यांनी मोरोंकडची शस्त्रं काढून घेण्याचा हुकूम काढला.

मग चिठ्ठीमुळे वाढलेले जादा पैसे आपण कशाचे देतो? मूठ तीच, नक्षी तीच. 'इतिहासाचे' असं उत्तर मिळतं. पण त्या चिठ्ठीवर नाव असतं ते नेणाऱ्याचं. ज्याच्या हातातून तलवार गेली, त्याचं नाव सहसा नसतंच. म्हणजे तलवारीचा इतिहास ती हिसकावली गेली तिथून सुरू होतो. त्याआधीची सगळी वर्षं 'अज्ञात'.

दुसरी बाजूही खरी आहे. प्रत्येक तलवार लुटीची नाही. काही विकल्या गेल्या, काही भेट दिल्या गेल्या, काही तर पाहुण्यांसाठीच घडवल्या. आणि संग्राहकांनी जपल्या नसत्या तर त्यातल्या कित्येक गंजून गेल्या असत्या. पण जपणाऱ्यानं जपलं, एवढ्यानं ती त्याच्याकडे कशी आली हा प्रश्न मिटत नाही.

मग परत द्या, असं म्हणणं सोपं आहे. पण कुणाला? २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, तेव्हा आपल्याला घरचं माणूस परतल्यासारखं वाटलं. ते शक्य झालं, कारण पात्यावर देवनागरीत नाव होतं आणि मागे उभं राहणारं सरकार होतं. होलोच्या डोंगरावर मेलेल्या माणसाच्या बारोंगवर नाव नसेल, तर ती कुणी मागायची?

म्हणून मला वाटतं, संग्राहकाचं पहिलं कर्तव्य परत देण्याच्याही आधीचं आहे: कोरी जागा कोरी म्हणून दाखवणं. मूल्यांकनाच्या कागदावर आणणाऱ्याच्या नावाच्या वर आणखी एक ओळ हवी, मूळ मालकाची. नाव माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. त्यानं भाव कदाचित उतरेल. विकणाऱ्याला ते आवडणार नाही, घेणाऱ्यालाही जरा अवघड वाटेल. वाटू दे. जी ओळ लिहिल्यानं भाव उतरतो, ती इतके दिवस का लिहिली नव्हती, हेही मग कळतं.