मुठीत बसणारा चमचा

शहागडला गोदावरीपाशी जालना जिल्हा संपतो, पूल ओलांडला की बीड जिल्हा. गावातल्या एका मोसंबीवाल्या घरात यंदा सहा खुर्च्यांचं सागवानी टेबल आलं. थोरल्या मुलीला बघायला पुण्याहून पाहुणे यायचे होते. सूनबाईंनी गेवराईहून चोवीस नगांचा सेट आणला: चमचे, काटे, सुऱ्या आणि चहाचे चमचे, प्रत्येकी सहा. वर सोनेरी मुलामा, दांड्या निमुळत्या आणि पेन्सिलीहून बारीक.

त्याच रात्री टेबल मांडून पाहिलं. डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, पातं ताटाकडे, तिच्या पलीकडे चमचा. सासूबाई भाकरीची टोपली घेऊन आल्या आणि बघत राहिल्या.

"सूनबाई, काटा डाव्या हातात धरायचा म्हणजे घास डाव्या हातानं घ्यायचा व्हय?"

"आत्याबाई, पुण्याची माणसं येणारेत. त्यांना लागतं असलं."

प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. ज्वारीची भाकरी हातानं मोडायची, येसरच्या आमटीत कुस्करायची, ठेच्याला बोट लावायचं. या ताटात सुरीनं कापावं असं काही नसतं आणि काट्याला टोचायला काही मिळत नाही. काला मात्र आमटीत पातळ झाला की चमचा लागतो.

तो चमचा त्या घरात खरोखर एकाच माणसाला लागत होता, मामांना, म्हणजे सूनबाईंच्या सासऱ्यांना. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापायचा. घास तोंडाशी जाईतो निम्मा सदऱ्यावर सांडायचा. म्हणून सगळ्यांचं आटोपल्यावर ते ओसरीत भिंतीकडं तोंड करून एकटे जेवायचे. आजूबाजूला लेकरं नकोत, असं स्वतःच सांगायचे. त्या रात्री नातीनं हाताला धरून त्यांना टेबलाशी बसवलं. त्यांनी सोनेरी चमचा उचलला. बारीक दांडी बोटांत फिरली, चमचा उलटा झाला आणि आमटी थेट नव्या टेबलावर पसरली. कुणी काही बोललं नाही. मामा उठले आणि ओसरीत गेले.

भांडी आवरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पैठणला नाथषष्ठीला पत्रावळीवर जेवलो, पण पंगतीतून कुणी उपाशी उठलं नाही. आज घरचा कर्ता उठून गेला."

सूनबाईंना झोप आली नाही. सकाळी सेट पिशवीत घालून त्या गेवराईला गेल्या. काल पोरगा गल्ल्यावर होता, आज म्हातारे दुकानदार होते.

"एकच चमचा वापरलाय. बदलून द्या. आमचं टेबल सहा जणांचं आहे."

"टेबल राहू द्या, ताई. जेवतं कोण कोण, ते सांगा."

सूनबाईंनी सगळं सांगितलं, ओसरीतलंसुद्धा. म्हाताऱ्यांनी मुलाम्याचा सेट बाजूला सारला. तारेच्या घासणीखाली हा रंग टिकायचा नाही, म्हणाले. मग साधे स्टीलचे चमचे काढून गल्ल्यावर ओळीनं मांडले. त्यातल्या एकावर १८/८ असा छाप होता, म्हणजे पोलादात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. चिंचेच्या आमटीला आणि लिंबाला टिकणारं स्टील. सूनबाईंनी पर्समधलं लोहचुंबक काढलं तर ते हसले. चुंबक चिकटलं नाही म्हणून माल चांगला ठरत नाही, मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. उलट चांगल्या सुरीला चिकटतं, कारण धार धरायला तिचं पोलादच वेगळं असतं.

मग त्यांनी चमच्याच्या कडेवरून अंगठा फिरवायला लावला. दाबून कापलेल्या पत्र्याची कड अंगठ्याला लागते, तशीच ती ओठालाही लागते. एक चमचा बोटावर तोलून दाखवला. दांडी जड असली तर वाटीत ठेवलेला चमचा खाली पडतो. शेवटी एक जाडजूड, खोलगट, पण वाटीत सहज फिरेल असा चमचा त्यांनी सूनबाईंच्या हातात दिला.

"हात कापणाऱ्या काहींना वजनदार चमचा बरा पडतो. पण मूठ जाड पाहिजे, बोटं पूर्ण मिटावी नाही लागत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. आधी त्यांच्या हातात देऊन बघा, मग बाकीचे घ्या."

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. दुकानदारानं पाच चमच्यांची विक्री एका म्हाताऱ्याच्या मुठीवर सोडून दिली.

शहागडच्या सायकलवाल्यानं पट्टी घट्ट गुंडाळून दिली. मामांनी पहिल्या दिवशी चमचा नुसता धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी पट्टीचा आणखी एक वेढा मागितला. ताट काठाचं घेतलं, म्हणजे काला काठाशी रेटून चमच्यात भरता येतो. थोडं सांडायचं, अजूनही सांडतं. पण जेवण ओसरीतून टेबलावर आलं. मग सूनबाईंनी तसलेच पाच चमचे आणखी आणले. काटे घेतले ते छोटे, पपई-टरबुजाच्या फोडींसाठी.

पाहुणे आले. पहिल्या पंगतीला मामा मुलाच्या आजीच्या समोर बसले. पुण्याच्या माणसांनी भाकरी हातानंच कुस्करली. आजीबाई मात्र जेवता जेवता थांबल्या. त्यांची बोटं संधिवातानं वाकलेली होती आणि नजर मामांच्या हातावर होती.

"असा चमचा कुठं मिळाला हो?"

सूनबाई सांगायला पुढं झाल्या, तोवर मामाच बोलले. "चमचा गेवराईचा. मूठ आपल्या सायकलवाल्याची. जाण्याआधी करून देतो तुम्हाला एक. सूनबाई, आमटी वाढ गं आणखी, वाटी भरून."