हिरवं झालं म्हंजे जंगल झालं?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सडबरी नावाचं शहर आहे. निकेल नि तांब्याच्या खाणींचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथलं जंगल तोडलं आणि त्याच लाकडाच्या ढिगांवर कच्चं खनिज उघड्यावर भाजलं. महिनोन्‌महिने. गंधकाचा धूर जमिनीलगत पसरला. माती आंबट झाली, तिच्यात निकेल-तांबं साचलं, पुढं पावसानं ती माती धुवून नेली. उरले काळे खडक. सुमारे २०,००० हेक्टर जमीन उजाड झाली.

१९७२ साली ३८१ मीटर उंचीचं धुराडं बांधलं. गावातला धूर कमी झाला. पण धूर मेला का? वाऱ्यानं तो लांबच्यांच्या डोक्यावर नेला. आपल्या नाकाला वास येईना म्हणून विष संपलं, हे मालकाचं गणित. खरा फरक पडला तो वायू सोडणंच घटवलं तेव्हा.

१९७८ पासून विद्यार्थ्यांनी, पुढं काम गेलेल्या खाणकामगारांनीही, पोती वाहून चुनखडीची भुकटी टेकड्यांवर पसरली. आपल्याकडं चुना लावणं म्हंजे फसवणं. इथं चुन्यानं मातीचा आंबटपणा मोडला, मुळं धरू लागली. खत, गवताचं बी, मग पाइनची रोपं. भूर्ज, विलो आपणहून आले. २०२२ पर्यंत एक कोटी झाडं लावून झाली.

आता प्रश्न. हे जंगल झालं का?

वरून बघणारा म्हणेल, झालं की! जरा खाली वाका. जुन्या जंगलाच्या सावलीत राहणारी लहान रोपं आपणहून फारशी येईनात. त्यांच्यासाठी निरोगी जंगलातल्या जमिनीचे तुकडे, मुळांसकट मातीसकट, कापून आणून बसवावे लागले. आणि धातू? ते मातीतच आहेत. चुन्यानं बांधून ठेवलेत, काढून टाकलेले नाहीत.

कुणी विचारील, एवढं केलं ते कमी का? कमी नाही. पोती वाहणाऱ्यांचा घाम खराच. पण दुरुस्ती झाली म्हणून हिशेब मिटत नाही. ज्यानं जाळलं त्यानं हिरवा रंग दाखवून सुटायचं नाही. ही भूमी मूळची अनिशिनाबे लोकांची. जंगल परत आलं की नाही, हे सांगायचा पहिला हक्क त्यांचा.

माझ्या मते जंगल शेंड्याकडून मोजायचं नाही, जमिनीकडून मोजायचं. सगळ्यात खालचं, सगळ्यात लहान रोप परत आलं का? आपल्या मुळांवर उभं राहिलं का? हे विचारल्याशिवाय ‘बरं झालं’ म्हणू नका.