पांघरूण द्यावे की न्याय मागावा?

दिल्लीची जानेवारीची थंडी हाडे गोठवणारी असते. त्या दिवसांत उघड्यावर झोपणाऱ्यांना पांघरुणे वाटली, तर कोणीही त्यास सत्कर्मच म्हणेल. परंतु याच माणसांना परवडणारे घर मिळावे म्हणून मंडळीतील काही जण आमदार-खासदारांकडे निवेदन घेऊन निघाले, की लगेच विचारले जाते : हे राजकारण नव्हे काय? या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शहराच्या वाढीसाठी जमीन संपादन करून ती विकसित करण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे आले. ज्या मजुरांनी राजधानी बांधली, त्यांना परवडतील अशी घरे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत. नाइलाजाने त्यांनी नाल्याकाठी व रेल्वेरुळांशेजारी झुग्ग्या घातल्या. २००४ साली यमुना पुश्ता हटवला गेला, तेव्हा पात्र ठरलेल्या कुटुंबांना बवाना, होलंबी कलां अशा दूरच्या ठिकाणी नेण्यात आले. घर हलले, रोजगार मात्र शहरातच राहिला.

यावर एक आक्षेप येतो. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्यास घर द्यावयाचे, तर नियमाने भाडे भरणाऱ्याने काय पाप केले? आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच मागणी केवळ झुग्गीवाल्यांपुरती असू नये. अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूचाही तीत समावेश हवा. पण जेथे कायदेशीर मार्ग गरिबाच्या आवाक्यात ठेवलाच गेला नाही, तेथे बेकायदेशीरपणाचा सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

न्यायालयांनी याविषयी बरेच सांगितले आहे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली सुदामा सिंह प्रकरणात, हटवण्याआधी पाहणी व पुनर्वसन हवे, असा निर्णय दिला. परंतु कोण पात्र, हे धोरण ठरवते. दिल्लीच्या २०१५ च्या धोरणानुसार वस्ती १ जानेवारी २००६ पूर्वीची आणि झुग्गी १ जानेवारी २०१५ पूर्वीची असावी लागते. कालकाजी येथे भूमिहीन कॅम्पसाठी बांधलेल्या ३,०२४ सदनिकांचे उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले. हे काम निश्चितच स्तुत्य होते. पण जून २०२५ मध्ये तो कॅम्प पाडला गेला, तेव्हा अपात्र ठरलेल्यांच्या हाती काहीच उरले नाही. एक तारीख, एक कागद, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भिंत उभी राहिली. कितीही पांघरुणे वाटली तरी ही तारीख बदलत नाही. ती ज्यांनी ठरवली, त्यांच्याशीच बोलावे लागते.

बोलल्याने कायदा बदलतो, याचा पुरावाही याच प्रदेशात आहे. नॉयडा व ग्रेटर नॉयडा येथे हजारो कुटुंबांनी घरासाठी पैसे भरले आणि इमारती अर्धवट राहिल्या. त्यांनी निवेदने दिली, निदर्शने केली, न्यायालये गाठली. २०१६ साली स्थावर मालमत्ता कायदा झाला. २०१८ साली दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्यांना बँकांप्रमाणे वित्तीय धनको मानले गेले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्रपाली प्रकल्पांचे काम सरकारी कंपनीकडे सोपवले. हे योग्यच झाले. मात्र या लोकांपाशी शिक्षण होते, कागद होते, वकील होते. झुग्गीतील विधवेपाशी यांपैकी काय आहे?

पवित्र शास्त्रात सलाफहादाच्या पाच मुलींची हकिकत आहे (गणना २७). वतनात मुलींना वाटा नव्हता. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. मोशेने त्यांना उद्धट म्हटले नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले. त्यांना वाटा मिळालाच, शिवाय सर्व इस्राएलासाठी नियम ठरला. भिक्षेने पाच जणींचे भागले असते. मागणीने पुढील पिढ्यांचे भागले.

आपल्या महाराष्ट्रातही हा मार्ग अनोळखी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. पुढे केडगावी त्यांनी निराधार स्त्रियांना आसराही दिला. आसरा देणारा हात आणि सत्तेपुढे बोलणारी वाणी एकाच जीवनात नांदली.

मात्र एक पथ्य पाळावे. निवेदन केवळ आपल्या समाजासाठी असू नये. मतांच्या बदल्यात तर मुळीच असू नये. पुनर्वसन रोजगाराजवळ व्हावे, कागद हरवलेल्यास दुसरी संधी मिळावी, परवडणारी भाड्याची घरे उभारली जावीत, एवढे तरी आपापल्या लोकप्रतिनिधीस लिहून विचारावे आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावे. अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी वारंवार जाणाऱ्या विधवेचा दाखला प्रभूने दिला तो प्रार्थनेत खचून जाऊ नये म्हणून. पण ती विधवा मागत होती तो न्यायच. पांघरूण द्यावेच; पण पुढच्या जानेवारीत त्याच माणसाला ते पुन्हा का द्यावे लागते, हेही विचारावे.