मनात नसताना हसणे हे ढोंग आहे का?

मिस्सामध्ये शांतीच्या चिन्हाच्या वेळी आपण आजूबाजूच्यांना हात जोडतो. कधी कधी नेमकी मागच्याच बाकावर अशी व्यक्ती असते, जिच्याशी कुंपणावरून किंवा वाटणीवरून आपले अनेक वर्षे बोलणे नाही. काही जण तेव्हा मागे वळतच नाहीत. विचारले तर म्हणतात, "मनात नाही, मग उगाच हात कशाला जोडू? मला ढोंग जमत नाही."

हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. प्रभू येशूने सर्वात कठोर शब्द ढोंग्यांसाठीच वापरले. संत पौलानेही रोमकरांना निष्कपट प्रेमाचाच उपदेश केला आहे. मग ज्या सुनेला सासू आवडत नाही, ज्या भावाला भाऊ नकोसा झाला आहे, त्यांनी चांगले वागायचे तरी कसे? प्रेम मनात उतरेपर्यंत वाट पाहायची का?

या प्रश्नाचे उत्तर मला बालयेशूच्या संत तेरेजाच्या आयुष्यात सापडते. हातात गुलाबपुष्पे घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्या फुलांमुळे आपला असा समज होतो, की तिचा स्वभाव मुळातच गोड असणार आणि तिला सगळे सोपे गेले असणार. तसे नव्हते. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, क्षयाने तेथेच वारली. मठाची दारे बंद. तीच पंचवीसेक माणसे, रोज, मरेपर्यंत. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्या मठात एक भगिनी अशी होती, की तिचे बोलणे, चालणे, स्वभाव, सारेच तेरेजाला नकोसे वाटे. तेरेजाने आपल्या आत्मकथनात हे लपवलेले नाही. तिने ठरवले, की या भगिनीशी आपण आपल्या सर्वात आवडत्या माणसाशी वागावे तसे वागायचे. भेट झाली की तिच्यासाठी मनात प्रार्थना करायची, जमेल ती मदत करायची आणि उलट उत्तर ओठावर आले की हसून विषय बदलायचा. शेवटी एके दिवशी त्या भगिनीनेच आनंदाने तेरेजाला विचारले, की माझ्यात तुला एवढे काय आवडते? मला पाहिले की तू नेहमी हसतेस!

आता सांगा, हे ढोंग झाले का?

मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस हसतो ते स्वतःसाठी. त्याला काम काढून घ्यायचे असते किंवा चारचौघांत चांगले दिसायचे असते. समोरचा गेला, की त्याची जीभ दुसरेच बोलू लागते. तेरेजाच्या हसण्यात तिचा स्वतःचा काहीच लाभ नव्हता, आणि त्या भगिनीच्या माघारी वेगळे बोलणेही नव्हते. संत थॉमस अक्वायनास यांनी तेराव्या शतकातच शिकवले, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. आवड आपल्या हाती नसते. भले इच्छिणे हाती असते. मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन मुलांचा दाखला आठवा. एकाने बापाला तोंडावर नकार दिला, पण नंतर तो मळ्यात गेला. दुसरा नम्रपणे हो म्हणाला आणि गेलाच नाही. येशूने पहिला 'मनापासून गेला का' असे विचारले नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, एवढेच विचारले.

तेरेजाने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला याहून मोठी वाटते. मठात सिस्टर सेंट पिएर नावाच्या वृद्ध, अपंग भगिनी होत्या. संध्याकाळी त्यांना हात धरून भोजनगृहात न्यावे लागे. त्यांना खूश करणे अवघड, म्हणून पुढे व्हायला तेरेजाचेही मन कचरत होते. तरी ती पुढे झाली. रोज संध्याकाळी म्हातारी आपले वाळूचे घड्याळ हलवी, म्हणजे निघायची वेळ झाली. मग बाक एका ठरावीक पद्धतीनेच सरकवायचा, मागून कमरपट्टा धरायचा. जरा घाई झाली की 'मला पाडतेस', जरा हात सैल झाला की 'तू कुठे आहेस?', आणि वर 'तू फार लहान आहेस' हे ऐकायचे. आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्यांना हे संवाद तोंडपाठ असतील! भोजनगृहात बसवून, बाह्या नीट दुमडून दिल्या की तेरेजाचे काम संपे. पण तिने पाहिले, की त्या वाकड्या हातांना पाव कापता येत नाही. त्या दिवसापासून पाव कापून दिल्याशिवाय ती तेथून हलली नाही, आणि जाताना एकदा छान हसून जाई. पाव कापून दे, असे म्हातारीने कधी सांगितले नव्हते. तिचे मन जिंकले ते त्यानेच.

औषधाची गोळी वेळेवर देणे हे कर्तव्य झाले. गोळी दिल्यावर तेथेच दोन मिनिटे बसणे, हा तो पाव.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरात मारहाण होत असेल, कोणी पैसे लुबाडत असेल, तर हसून सोसा असा याचा अर्थ कोणी काढू नये. तेथे मारणाऱ्याचे भले इच्छिणे म्हणजे त्याचा हात धरणे आणि योग्य ठिकाणी मदत मागणे. तेरेजाचा मार्ग आहे तो आवडीनिवडीच्या, टोमण्यांच्या आणि किरकोळ अन्यायांच्या रोजच्या जगण्यासाठी.

आणि तेथेही तिला प्रत्येक वेळी हसणे जमले असे नाही. एकदा आजारी मदरच्या खोलीबाहेर चाव्यांवरून एका भगिनीशी ओढाताण झाली. मदर जाग्या झाल्या आणि सारा दोष तेरेजावर आला. उत्तर तिच्या ओठांवर होते, आणि बोलायला लागले तर आपला तोल जाईल हे तिला ठाऊक होते. ती सरळ तेथून पळाली. छाती इतकी धडधडत होती, की तिला लांब जाता येईना. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.