वाढदिवस कोणाचा?



लहान मुलांच्या वाढदिवसाची आमंत्रणे घेऊन पालक अधूनमधून माझ्याकडे येतात. 'फादर, केक कापायच्या आधी छोटीशी प्रार्थना घ्या,' असा त्यांचा आग्रह असतो. जमेल तेव्हा मी जातो आणि केकही आवडीने खातो. पण प्रार्थनेसाठी हात जोडले की एक जुना प्रश्न दरवेळी मनात येतो. आज तो तुमच्यापुढे ठेवतो.

माझ्या आधीच्या एका धर्मग्रामात एक माता मिस्साचा हेतू सांगायला कार्यालयात आली होती. तिचा मुलगा लवकरच पाच वर्षांचा होणार होता. मी सहज विचारले, "मग वाढदिवस कुठे, घरी की हॉलमध्ये?" ती म्हणाली, "फादर, वाढदिवस कसला करायचा? तो चालत नाही, बोलत नाही. पाहुणे येतील, बघतील, हळहळतील आणि जेवून जातील." सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला मी गप्प बसलो. पावती फाडून तिच्या हाती दिली, एवढेच.

पाच वर्षांच्या मुलाने असे काय केलेले असते की आपण त्याचा सोहळा करावा? परीक्षा नाही, नोकरी नाही, समाजसेवाही नाही. मग आपण साजरे करतो ते नेमके काय?

पवित्र शास्त्रात वाढदिवसाच्या दोन मेजवान्यांचे वर्णन ठळकपणे येते आणि दोन्हींचा शेवट भयंकर आहे. उत्पत्तीच्या ४०व्या अध्यायात फारोच्या वाढदिवशी त्याच्या आचाऱ्याला फाशी होते. संत मार्कच्या शुभवर्तमानात हेरोदाच्या वाढदिवशी योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात येते. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन यांनी यावर बोट ठेवले होते. वाढदिवस साजरा करताना शास्त्रात दिसतात ते असले राजे, संत नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. त्या काळचे ख्रिस्ती लोक हुतात्म्यांचा मृत्युदिन हाच त्यांचा स्वर्गातील जन्मदिन मानून पाळत.

पण हेरोदाचे चुकले कुठे? मेजवानी दिली, हा त्याचा अपराध नव्हे. योहान नीतिमान आहे हे त्याला ठाऊक होते. शिर मागितले गेले तेव्हा तो खिन्न झाला, असे मार्क सांगतो. तरीही शब्द मागे घेणे त्याला जमले नाही, कारण दिलेली शपथ आणि समोर बसलेले पाहुणे. सरदार, सेनाधिकारी, गालीलातील प्रतिष्ठित मंडळी बघत होती. चार लोक काय म्हणतील, या एका भीतीपायी निरपराध माणसाचा जीव गेला.

आता त्याच योहानाच्या जन्माची कथा संत लूककडून ऐका. म्हाताऱ्या एलिझाबेथला मुलगा झाला तेव्हा शेजारी आणि नातलग जमले आणि तिच्याबरोबर आनंद करू लागले. तिथेही पाहुणेच होते. त्यांनी नावावरून थोडा वादही घातला, जसा आपल्याकडे आत्या-मावश्या घालतात. पण शेवटी त्यांच्या मनात एकच विचार उरला, हे बाळ पुढे कोण होणार? सगळ्यांचे डोळे बाळाकडे होते. यजमानाची श्रीमंती कोणी मोजत नव्हते.

एकाच योहानाच्या आयुष्यात पाहुण्यांचे हे दोन मेळावे. एक त्याच्या जन्माचा आनंद करणारा, दुसरा त्याच्या मृत्यूला कारण झालेला. ख्रिस्तसभा आपल्या प्रभूच्या आणि पवित्र मारियेच्या जन्मासोबत, २४ जूनला, योहानाचाही जन्मदिवस साजरा करते. एका वाढदिवसाने ज्याचा जीव घेतला, त्याचाच वाढदिवस आपण आजवर पाळत आलो आहोत!

तेव्हा प्रश्न वाढदिवस करावा की नाही हा नाही. पाहुणे कशासाठी बोलवायचे, हा आहे.

संत थॉमस अक्विनास यांचा एक विचार इथे उपयोगी पडतो. आपण माणसे एखाद्यात काही चांगले दिसले की त्याच्यावर प्रेम करतो. देवाचे प्रेम याच्या उलट आहे. त्याने प्रेम केले म्हणून आपल्यात चांगले उत्पन्न झाले. प्रभू येशू यार्देन नदीतून वर आला तेव्हा पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटले. तोवर मार्कच्या शुभवर्तमानात येशूचा एकही चमत्कार झालेला नाही, एकही प्रवचन झालेले नाही. आधी प्रेम, मग कार्य.

मुलाचा वाढदिवस हा देवाच्या या रीतीचा आपण गिरवलेला कित्ता आहे. 'तू पहिला आलास म्हणून नव्हे, तर तू आहेस म्हणून आम्हांला आनंद आहे,' हे आपण त्याला सांगतो. जर्मन विचारवंत योसेफ पीपर (१९०४–१९९७) यांनी प्रेमाचा गाभा यातच पाहिला, दुसऱ्याच्या असण्याला दिलेल्या होकारात. हा होकार कोणी स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. म्हणून तर आजी-आजोबा हवेत, धर्मपिता-धर्ममाता हवेत, वाडीतली पोरे हवीत. पाहुणे हे या होकाराचे साक्षीदार आहेत.

खर्चाबद्दल मी उपदेश करणार नाही. ज्या बापाला लहानपणी केक मिळाला नाही, त्याने लेकीसाठी दोनमजली केक आणला तर त्यात प्रेमच आहे. काना गावच्या लग्नात प्रभूनेही हात आखडता घेतला नव्हता. पण पतपेढीचे कर्ज काढून हॉल घ्यावासा वाटला, किंवा कोणी पाकिटात किती घातले याची वही लिहावीशी वाटली, तर क्षणभर थांबून विचारा, हा वाढदिवस कोणाचा? डीजेच्या आवाजाने घाबरून बाळ आईच्या कुशीत रडत असेल, तर त्याने उत्तर दिलेलेच आहे.

आणि आता मी त्या मातेकडे परत येतो. वर सांगितलेले खरे असेल, तर वाढदिवसाचा अर्थ तिच्या मुलाच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसायला हवा होता. त्याच्यापाशी कौतुक करण्याजोगा पराक्रम नव्हता, होते ते केवळ त्याचे असणे. माता चुकली नव्हती. तिला हेरोदाचे पाहुणे ठाऊक होते, एलिझाबेथचे शेजारी भेटले नव्हते. मीही त्या दिवशी तिला भेटलो नाही, फक्त पावती दिली. तो वाढदिवस झाला नाही, हे मला नंतर कळले. याची खंत आजही आहे.

आपल्याही धर्मग्रामात अशी घरे असतील, जिथून आमंत्रण येत नाही. तिथल्या आईला आधी विचारा, 'आम्ही आलो तर चालेल का?' ती हो म्हणाली तर दोघे-तिघेच जा. हळहळू नका. बाळाजवळ बसा, त्याला नावाने हाक मारा, तो आहे याचा आनंद करा. मलाही बोलवा. या वेळी मी येईन.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू