तेहतिसावा दात

मनुष्याच्या मुखात ३२ दात असावेत, हा हिशेब चरक आणि सुश्रुत या दोघांनीही आपापल्या अस्थिगणनेत निःशंकपणे मांडून ठेवला आहे. परंतु निसर्ग कोणाच्याच गणनेस बांधलेला नसल्यामुळे शंभरांतील एकदोन माणसांच्या जबड्यात हिशेबाबाहेरचा एखादा दात उगवतो किंवा हाडात दडून बसतो. ज्या समाजात दातांसह जन्मलेल्या बालकासाठी शांती सांगितली जाते आणि वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट असे मानले जाते, तेथे अशा दाताची कैफियत वैद्याआधी जोशीबुवांपुढे जावी, यात नवल नाही.

शास्त्राधार शोधू गेल्यास तो शुभपक्षीही सापडतो. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाची जी ३२ लक्षणे आहेत, त्यांत ४० दात हे एक आहे (३२ लक्षणांपैकीच एकाने दातांचा ३२चा आकडा मोडावा, हा योगही मौजेचा!), आणि पूर्वजन्मी ज्याने चहाडी करून माणसांत फूट पाडली नाही, उलट दुभंगलेल्यांना सांधले, त्यास हे दात, तेही मध्ये फट नसलेले, लाभतात, अशी तेथे उपपत्ती आहे. ती क्षणभर मान्य केली तरी तिच्यावरून उलट दिशेने चालता येत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नीवरून धुराचे होत नाही, कारण तापलेल्या लोहगोलकात अग्नी असून धूर नसतो, हे नैयायिकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तेव्हा एखाद्या मुलाच्या टाळूपाशी टोकदार दात आढळला, एवढ्यावरून त्याच्या पूर्वजन्माचे दप्तर उघडण्याचा अधिकार, पुण्य शोधण्यासाठी असो वा पाप, कोणासही पोहोचत नाही.

मला सुश्रुताची वृत्ती अधिक धर्मशील वाटते. वायूमुळे अधिक दात तीव्र वेदनेसह येतो आणि उगवून झाल्यावर ती वेदना शमते, असा ‘वर्धन’ नावाचा विकार निदानस्थानात सांगून, चिकित्सास्थानात तो दात उपटावा व त्या जागी अग्निकर्म करावे, एवढेच संहिता म्हणते. बालग्रहांवर अध्यायच्या अध्याय लिहिणारा हा ग्रंथ या ठिकाणी ग्रहाचे नावही काढत नाही, ही गोष्ट आमच्या शांतिप्रिय मंडळींनी अवश्य ध्यानात घ्यावी.

आता, देवाने दिलेले काढावे काय, ही शंका उरते. परंतु ३२ महिने आणि सुमारे १६ दिवस लोटले की येणाऱ्या अधिक मासास ज्या परंपरेने मलमास म्हणून लग्नमुंजी वर्ज्य केल्या, त्याच परंपरेने त्यास पुरुषोत्तमाचे नाव देऊन जावयास ३३ अनारशांचे वाण दिले. अधिक तेवढे अनिष्ट, असा निवाडा तिने कधीच केला नाही. दंतवैद्यही तो करीत नाही. गर्भावस्थेत ज्या पेशींच्या पट्टीतून दात घडतात, तिच्या अतिरिक्त क्रियेने हा दात उपजतो असे सामान्यतः मानतात. तो बहुधा वरच्या दोन मधल्या पटाशीच्या दातांमध्ये असतो, आणि दुधाचा दात पडूनही तेथील कायमचा दात आठनऊ वर्षांपर्यंत दिसला नाही, म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचा तपास लागतो. त्याने शेजाऱ्याची वाट अडवली, त्यास वाकडे ढकलले किंवा भोवती द्रवाची पिशवी धरली, तर तो काढतात. कोणासही उपद्रव न देता खोल पडून असेल, तर पुष्कळदा तसाच राहू देऊन अधूनमधून चित्र घेत राहतात.

ज्यांना शांती करावयाची असेल त्यांनी ती खुशाल करावी, दक्षिणाही सढळ द्यावी, मात्र हे आपल्याच कोणत्या पापाचे प्रायश्चित्त आहे असे त्या मुलाच्या कानी पडू देऊ नये. आणि शस्त्रक्रियेचा दिवस, नक्षत्र न पाहता, शेजारच्या दातांची मुळे कितपत भरली आहेत ते पाहून दंतवैद्यास ठरवू द्यावा.